हातांनी वर गेलेले बूट

१

मनोऱ्याच्या तळाशी कारकून पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू आत बसली होती. वर टांगलेल्या ओल्या होज पाइपांमधून त्याच्या पाठीवर टपटप पाणी पडत होतं आणि त्या पाण्याबरोबर रक्त पार मोरीपर्यंत गेलं होतं. पायांत नुसते मोजे होते.

"आत्महत्या, मॅडम," हवालदार म्हणाला. "वर सज्जात बूट काढून ठेवलेत म्हणे. ड्रायव्हरनं खालून पाहिले."

"तू पाहिलेस?"

"गुडघे, मॅडम."

त्याचे गुडघे आणि माझी टाच. सरकारने आमच्या दोघांत मिळून एक धड माणूस नेमला असता तर पगार तरी वाचला असता. मी शिव्या घालत जिना चढायला लागले.

आग विझवून आल्यावर होज धुतात, आणि ते लांबलचक कापडी पाइप उभे सुकवायला प्रत्येक अग्निशमन केंद्रात असा उंच, पोकळ मनोरा असतो. आत भिंतीला धरून लोखंडी जिना, आणि अगदी वर कठडा असलेला छोटा सज्जा. पाणी वर्षानुवर्षं गळून जिना पुरता गंजला होता. पायऱ्यांवर तांबडा चिखल साचला होता. सज्जात पोचले तेव्हा माझ्या बुटांचे तळवे विटेसारखे लाल झाले होते.

बूट कठड्याजवळ होते. स्वस्तातले, काळे, कचेरीत घालायचे. टाचेकडचं कातडं आत मुडपून चपटं झालेलं. लेस मात्र अगदी शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेली, जीभ पुढे ओढलेली. दोन बुटांमध्ये वीतभर अंतर. आणि चवडे कठड्याकडे नव्हते, जिन्याच्या दाराकडे होते.

मी एक बूट उचलून उलटा केला. तळवा कोरडा आणि स्वच्छ. दुसराही तसाच.

मी पुन्हा माझे तळवे पाहिले. मग खाली वाकून त्या कारकुनाकडे पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. हे बूट पायांनी वर आले नव्हते, हातांनी आले होते.

बूट पिशवीत घालून मी ते हवालदाराच्या हवाली केले आणि कुणाला दाखवलेस तर गुडघे फोडीन म्हणून बजावलं. डॉक्टर तोवर खाली बसून चाचपत होते. ते म्हणाले, "हात शाबूत, पाय शाबूत, बरगडी एक मोडलेली नाही. एवढ्या उंचीवरून पडलेला माणूस मी पोत्यात भरल्यासारखा उचललाय आजवर. हा पडलेला नाही बाई. ह्याला उभ्यानं, मागून हाणलंय. काहीतरी जड आणि गोल. एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

मी फाटकाकडे निघाले. तिथे एक म्हातारा उभा होता. इस्त्रीचा सदरा, वरपर्यंत लावलेली बटणं. त्यानं माझी बाही घट्ट धरली.

"मला पकडा," तो म्हणाला. "माझ्या पोराला मी मारलंय."

२

म्हाताऱ्याला मी फाटकाजवळच्या पायरीवर बसवलं. तो कारकुनाचा बाप. नगरपालिकेच्याच कर वसुलीत उभा जन्म काढून निवृत्त झालेला. ह्या केंद्रातली कारकुनी त्यानंच कुणाकुणाचे पाय धरून पोराला मिळवून दिली होती.

"रोज रडत यायचा," तो म्हणाला. "खुर्चीवर पाणी ओतायचे. डबा होजनं उडवायचे. 'फुंकर' म्हणायचे त्याला, फुंकर मारली तर उडेल म्हणून. एकदा शिडीला बांधून शिडी उभी केली, बाई. अंगाला कापरं भरलं होतं घरी आला तेव्हा. उंचीची भीती त्याला लहानपणापासून. गच्चीवर सुद्धा यायचा नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी पण सोसलंय. आमचा साहेब भर कचेरीत माझ्या अंगावर शाईची दौत फेकायचा. मी पुसायचो आणि कामाला लागायचो. काल हा म्हणाला, बाबा, आता नाही सहन होत, उद्या चौकशीत बोलणार. मी म्हणालो, मान खाली घाल आणि गप्प बस. नोकरी आहे, बापाची इज्जत आहे." त्यानं सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. "मान खाली घालून तो कठड्यावरून गेला. मीच ढकललं त्याला."

मला सांगता आलं असतं. पण खुनी फाटकाच्या आतच असताना एका म्हाताऱ्याच्या तोंडी ते देणं शहाणपणाचं नव्हतं. "संध्याकाळपर्यंत इथून हलू नका," एवढंच म्हणाले. तो मान हलवून तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत एक थेंब नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. हा माणूस आज घरी एकटा गेला तर उद्या मला दुसरा पंचनामा करावा लागेल, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात मागच्या अंगणातून आरडाओरडा आला.

सकाळच्या परेडला गेलेली पाळी परतली होती आणि बातमी त्यांच्या कानावर गेली होती. मी धावत पोचले तेव्हा त्यांनी स्टेशन ऑफिसरला केबिनमधून फरफटत आणला होता. त्याला सगळे 'भोंगा' म्हणत, कारण त्याला हळू बोलता येत नसे. आता मात्र तो नुसता घोगरा किंचाळत होता. पट्ट्यांच्या बकलांनी त्याचं कपाळ फाटलं होतं. एकानं त्याच्या तोंडावर बूट मारला आणि दात रक्ताबरोबर फरशीवर पडला.

"पोराला खाल्लंस! आता पी पाणी!" ड्रायव्हर ओरडला आणि त्यानं बंबाचा पंप चालू केला.

पाण्याचा झोत भोंग्याच्या छातीवर बसला. तो उडून भिंतीला आपटला आणि तिथेच चिकटून राहिला. भिंत फोडणारं पाणी ते. त्याचा सदरा फाटून निघाला, गालाची कातडी हलायला लागली, तोंड उघडं पडलं आणि त्यात पाणी घुसत राहिलं. बरगडी मोडल्याचा आवाज मला पाण्याच्या आवाजातूनही ऐकू आला.

"पुरे, पोरांनो, पुरे! मरेल तो!" पंपाशेजारी उभा असलेला एक पिकल्या मिश्यांचा फायरमन हात वर करून ओरडत होता. कुणी ऐकत नव्हतं.

मी आकाशात गोळी झाडली. तेव्हा कुठे पाणी थांबलं. भोंगा भिंतीवरून घसरत खाली आला आणि रक्त ओकला. मी ड्रायव्हरच्या कानाखाली अशी काढली की माझाच तळहात दुपारपर्यंत झिणझिणत होता.

३

सकाळी सगळी पाळी परेडच्या मैदानावर एकमेकांच्या नजरेसमोर होती. केंद्रात मागे राहिले होते चौघंच. भोंगा केबिनमध्ये. ड्रायव्हर पुढच्या शेडमध्ये बंबाखाली. फोन घेणारी ताई काचेच्या खोलीत. आणि लीडिंग फायरमन, म्हणजे तो पिकल्या मिश्यांचा, मागच्या अंगणात साहित्याच्या कोठीत. त्याला सगळे मामा म्हणत.

भोंग्याला पट्ट्या बांधून खाटेवर ठेवलं होतं. मी बसले आणि टेबलाखाली हळूच बूट काढला. टाच सुटली की मला विचार सुचतात.

"तुम्ही त्याचा छळ केलात," मी म्हणाले.

"मी ओरडतो," तो फाटक्या ओठांनी म्हणाला. "सगळ्यांवर ओरडतो. बायकोवर ओरडतो, कुत्र्यावर ओरडतो. त्या पोराच्या अंगाला हात लावला असेल तर हात झडेल."

"शिडीला कुणी बांधलं?"

"पोरांची मस्करी. मी तिकडे बघत नाही. बघितलं तर लिहावं लागतं, लिहिलं तर वर विचारतात, केंद्र तुमचं की गुंडांचं? मी परीक्षा देऊन मुख्य कचेरीतून आलेला माणूस, ह्यांच्यातला नाही. मी आगीत गेलोय कधी? ते मला तोंडावर हसतात बाई. तुम्ही बघितलंतच काय करतात ते."

"आज चौकशी कशाची होती?"

तो भिंतीकडे पाहायला लागला. भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलला. हिवाळ्यात इथे एक नवशिका फायरमन मेला होता. सरावासाठी एक धुराची खोली आहे, तोंडाला मुखवटा लावून तिच्यातून रांगत पलीकडे जायचं असतं. त्या पोराचा मुखवटा सुटला आणि दार उघडेना. बाहेर काढला तेव्हा नखं दारात मोडून राहिली होती. घाबरून वाट चुकला, असं ठरलं.

"ठरवलं तुम्ही."

"मी! माझंच केंद्र ना? पण त्या दिवशी मी गावात तरी होतो का? मुख्य कचेरीत होतो, बैठकीला. आल्यावर मामा म्हणाला, साहेब, पोरगं घाबरलं. मी मान डोलावली." मग तो एकदम रडायला लागला. एवढा आडवा माणूस, मोडक्या बरगडीमुळे नीट रडताही येत नव्हतं. मला त्याची कीव आली नाही.

ड्रायव्हर आत आला तो गाल धरूनच.

"मी पण होतो त्यात," तो न विचारताच म्हणाला. "त्याच्या खुर्चीवर ग्रीस मीच लावलं. सगळे हसायचे. तो पण हसायचा हो! मला वाटायचं त्याला पण मजा येते."

"खरंच वाटायचं?"

"नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

"आणि भोंग्याला मारायला तुला कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कुणी. मामा नुसता रडत म्हणाला, साहेबानं खाल्लं रे पोराला. मग माझं डोकंच फिरलं."

ताई सगळ्यांत शेवटी बोलली, तीही पदराचं टोक पिळत. काचेच्या खोलीतून तिला पुढची शेड, केबिनचं दार आणि मागच्या अंगणाची वाट, तिन्ही दिसतं. "सकाळी माझ्याकडे आला होता. म्हणाला, ताई, आज दुपारी नाव घेणार. दाराला बाहेरून कडी कुणी घातली ते मी पाहिलंय. पण त्याआधी त्यांना समोर जाऊन सांगतो. पाठीमागून सांगणं मला जमायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणाले, वेडा आहेस का, साहेब सोलून काढतील. तो उठला. पण केबिनकडे वळलाच नाही, मागच्या अंगणात गेला. मला वाटलं, हिंमत झाली नाही बिचाऱ्याची." तिनं डोळे पुसले. "मी पण त्याला फुंकरच म्हणायचे, मॅडम. प्रेमानं म्हणायचे, पण म्हणायचे."

४

मामा कोठीत बसून पितळी नोझलं घासत होता. होजच्या तोंडाला लावायची ती जड, गोल नोझलं भिंतीवर ओळीनं लटकत होती आणि सगळी लखलखत होती.

"बसा, बाई. खुर्ची पुसून देतो," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका मऊ होता की कुणालाही त्याच्यापाशी मन मोकळं करावंसं वाटेल. "फार गुणी पोरगं. माझ्याजवळ बसून डबा खायचं. मी म्हणायचो, घाबरू नकोस, मामा आहे ना!"

"शिडीला बांधलं तेव्हा मामा कुठे होता?"

तो हसला. "गाठ मीच मारली, बाई! दुसऱ्या कुणी मारली असती तर सुटली असती, पोरगं मेलं असतं. हे काम असंच असतं. आम्हाला आमच्या थोरल्यांनी कोंडलं, टांगलं, बुडवलं. त्याशिवाय आगीत उभा राहील असा माणूस घडतो का? तुमच्यात नाही करत?"

करतात. पण ते मी त्याला सांगायला आले नव्हते.

"सकाळी तो इथे आला होता का?"

"नाही बुवा. मी आपला नोझलं घासत होतो. साहेबाकडे गेला असेल." त्यानं डोळे टिपले. "शेवटी साहेबानंच जीव घेतला त्याचा."

मी उठले. दारातून सहज मागे पाहिलं. माझ्या मनात सकाळचं अंगण उभं राहिलं. पंपाशेजारी हात वर करून ओरडणारा मामा. पाणी बंद करायची झडप त्याच्या कोपराला टेकलेली होती. तो "पुरे" म्हणून ओरडत होता आणि झडपेला हात लावत नव्हता.

हवालदाराला मी बाहेर बोलावलं. "कोठीतली सगळी नोझलं जप्त कर. प्रत्येकाच्या तोंडात रबराचं कडं असतं, पाणी गळू नये म्हणून. ते माझ्या समोर काढायचं."

"घासूनपुसून ठेवलीत मॅडम, काय सापडणार?"

"पितळ घासतात. कड्याच्या मागे कोण घासतो?"

केसातली पिन काढून मी एकेक कडं उपसलं. कुठे वाळू निघाली, कुठे शेवाळ. ओळीतल्या एका नोझलातून निघालं ते काळपट तांबडं होतं, आणि त्यात चार केस होते.

हवालदारानं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "पण मॅडम, कोठी उघडीच असते. कुणीही उचलेल. आणि कोर्टात मामा म्हणेल, साहेबानं उचललं."

तो बरोबर बोलत होता, आणि त्यामुळे मला त्याचा राग आला.

५

दुपारी मी चौघांना करमणुकीच्या खोलीत बोलावलं. भोंग्याला खुर्चीत उचलून आणावं लागलं.

"पायांचे ठसे घ्यायचे आहेत," मी दारातच म्हणाले. "पायातलं बाहेर काढून आत या."

चौघंही काढून आत आले, आणि टाचेला आराम म्हणून मीही माझे बूट टेबलाखाली काढले. हवालदारानं शाईची पाटी मांडून खरंच ठसे घ्यायला सुरुवात केली. ड्रायव्हरच्या तळव्याला गुदगुल्या झाल्या आणि त्याला अवेळी हसू आलं, मग तो लाजला. मामा शेवटचा होता. त्याचा पाय अजून ओला होता तेव्हा मी ताईच्या खोलीत उभ्या केलेल्या शिपायाला खिडकीतून खूण केली.

घंटा वाजली. आगीची घंटा, भिंती हादरवणारी.

ड्रायव्हर अनवाणीच बंबाकडे धावला. ताई फोनकडे धावली, तीही अनवाणीच. भोंग्यानं दोन्ही कान झाकून घेतले आणि तो नेहमीच्या सवयीनं ओरडला, "कुठे? कुठे लागली?"

मामा दारात होता. दोन पावलं, धप धप, आणि दोन्ही पाय बुटांत. हात सुद्धा लागला नाही. तो अंगणात पोचला आणि मग त्याच्या लक्षात आलं की कुठेच आग नाही. तो वळून खोलीत परत आला, आणि त्याच्या मागोमाग ताईही.

मी दाराबाहेर ठेवलेली पादत्राणं दाखवली. ड्रायव्हरचा एक बूट दुसऱ्यावर चढलेला. भोंग्याचे बूट शिपायानं ओढून काढून कोपऱ्यात टाकलेले. ताईच्या चपला भिंतीकडे तोंड करून जोडीनं. आणि मधोमध रिकामी जागा, जिथे आत्तापर्यंत मामाचे बूट होते.

"ते कसे ठेवले होतेस, मामा?" मी म्हणाले. "मी पाहिलंय. लेस शेवटपर्यंत सैल, जीभ पुढे ओढलेली, मध्ये वीतभर अंतर, आणि चवडे बाहेर जायच्या दिशेनं. घंटा झाली की उडी मारून आत पाय घालायचे. आगीत जाणारा प्रत्येक माणूस झोपेतही असेच बूट ठेवतो. बंब चालवणारा आगीत शिरत नाही, त्याला ही सवय नाही. साहेब परीक्षा देऊन आलेत, त्यांना तर नाहीच."

हवालदारानं पिशवीतून कारकुनाचे बूट काढले आणि सज्जात होते तसे फरशीवर मांडले. ताईच्या तोंडून हुंदका निघाला.

"मरायला निघालेला माणूस बुटात परत पाय घालायची तयारी करून ठेवत नाही," मी म्हणाले. "ह्यांच्या तळव्याला गंजाचा कणही नाही, म्हणजे ते उचलून वर नेले. नेणाऱ्याला ते कठड्याजवळ नुसते टाकायचे होते. पण बूट हातात आले आणि हातांनी आपलं रोजचं काम केलं. केबिनकडे न वळता पोरगा मागच्या अंगणात गेला होता. तिथे तुझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. धुराच्या खोलीच्या दिवशी साहेब गावातच नव्हते, मग तो नाव कुणाचं घेणार होता? आणि तुझ्या नोझलाच्या कड्यामागे त्याचे केस निघालेत."

मामाच्या चेहऱ्यावरचा मऊपणा कुठे गेला ते कळलंच नाही. त्याच्या शेजारी, भिंतीवर, काचेच्या पेटीत कुऱ्हाड होती.

६

काच त्यानं कोपरानं फोडली. पहिला घाव हवालदाराच्या हातावर बसला, मनगटापासून कोपरापर्यंत मांस उघडं पडलं आणि रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी अनवाणी होते. मागे सरकताना काच माझ्या टाचेत घुसली, त्याच दुखऱ्या टाचेत, आणि मी कोसळले. दुसरा घाव माझ्या डोक्याला चाटून फरशीत रुतला. मामा कुऱ्हाड उपसायला वाकला.

ड्रायव्हर बंबाकडून परत येत होता. त्यानं दारातूनच झेप घेतली. दोघं काचांवर लोळले. मामानं त्याचा कान दातांत धरून फाडला, ड्रायव्हरनं त्याचं डोकं फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि मी ओरडून सांगितलं नसतं तर आपटतच राहिला असता.

"बास!" मी म्हणाले. "तुला पण तसंच व्हायचंय का?"

तो थांबला. रडत रडत त्यानं मामाच्या छातीवर गुडघा रोवून ठेवला. मी बेड्या घातल्या.

मामाच्या नाकातोंडातून रक्त येत होतं आणि तरी तो मला समजावत होता. "नवशिक्याला मारायचं नव्हतं हो, बाई. कडी घातली, जरा ओरडू दे म्हटलं. माझ्या वेळी मी पण ओरडलो होतो. मी चहा प्यायला गेलो, तिथे बोलण्यात वेळ गेला. एवढंच. तेवढ्यासाठी माझी सगळी सेवा मातीत घालायची?"

"आणि हा?"

त्यानं रक्त थुंकलं. मग म्हणाला, "हा समोर येऊन उभा राहिला. थरथर कापत होता. म्हणतो, मामा, आज मी तुमचं नाव घेणार आहे. तुम्ही मला जेवायला जवळ बसवलंत, म्हणून आधी तुम्हालाच सांगतोय. मी म्हणालो, अरे फुंकर, घरी जा. तर म्हणाला, मला फुंकर म्हणू नका." मामाच्या आवाजात अजून नवल होतं. "मला म्हणाला! मला! आणि सांगून झाल्यावर पाठ फिरवून चालायला लागला. हातात नोझल होतं. मनोऱ्याच्या दारापर्यंत गाठला त्याला."

माझ्या हातून त्या क्षणी जे झालं ते मी अहवालात लिहिलेलं नाही. हवालदारानंही नाही.

७

टाचेला टाके घालून मी फाटकाशी गेले तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारा त्याच पायरीवर, त्याच बटणांत बसला होता.

मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. घाव किती होते तेही त्यानं विचारलं, आणि मी खरं सांगितलं. त्याला ते ऐकण्याचा हक्क होता.

"म्हणजे तो वर गेलाच नाही," तो म्हणाला.

"नाही. जिन्याची एक पायरीसुद्धा चढला नाही."

"बूट दाखवता मला?"

मी पिशवी उघडून धरली. हात लावू दिला नाही, नियम आहे. त्यानं वाकून पाहिलं. "लेस कधी सोडायचा नाही तो," म्हातारा म्हणाला. "आल्या आल्या टाचेनं टाच दाबून ओढून काढायचा आणि भिरकावून द्यायचा. टाचा बघा कशा मुडपल्यात. रोज ओरडायचो मी. एकदाही ऐकलं नाही."

मग तो थबकला. मी पाहात होते. काहीतरी त्याच्या मनात हळूहळू येत होतं.

"काल मी त्याला गप्प बस म्हणालो होतो."

"हो."

"मान खाली घाल म्हणालो होतो."

"हो, बाबा."

"आणि तो गेला. समोर गेला. तोंडावर सांगितलं." तो पिशवीतल्या बुटांकडे वळला. "ऐकलं नाहीस ना माझं? बरं केलंस, बाळा. फार बरं केलंस."

आणि तो सकाळपासून पहिल्यांदा रडला. मोठ्यानं, फाटकातून येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल असा. सदऱ्याचं वरचं बटण त्यानं ओढून तोडलं. ताई काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि लांबच उभी राहिली. तिच्या मागे ड्रायव्हर, कानाला पट्टी बांधलेला.

रडून झाल्यावर म्हाताऱ्यानं तोंड पुसलं. "ती चौकशी. आज दुपारी होती ना?"

"पुढच्या आठवड्यात आहे आता."

"त्याच्या जागी कोण बसणार?"

ताई पुढे आली आणि म्हणाली, "आम्ही दोघं येणार आहोत, बाबा. जे जे केलं ते सांगणार आहोत. आम्ही हसलो ते पण."

म्हाताऱ्यानं आधी ताईकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या कानाच्या पट्टीकडे. मला वाटलं, आता हा ह्यांना शाप देईल, आणि दिला असता तर मी अडवलं नसतं.

"मी पण येतो," तो शेवटी म्हणाला. "माझ्या साहेबानं माझ्यावर दौत फेकली होती, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

तो उठला. जाताना मी त्याला घरी सोडते म्हणाले, तर नको म्हणाला. मी फाटकात उभी राहून पाहात होते. तो रस्त्याच्या मधोमध चालला होता आणि त्याची मान वर होती.